तिनं फाडलेलं पान

फुलंब्रीहून सकाळच्या बसनं शहरात येताना ती बाई रोज माझ्या पुढच्या सीटवर असायची. वय पन्नाशीचं, डोक्यावर पदर, मांडीवर जुना दिवाळी अंक. वाचायची फक्त भुताच्या गोष्टी. गोष्ट संपली की शेवटच्या पानाला नखानं घडी घालून ते अलगद फाडायची आणि खिडकीबाहेर सोडून द्यायची.

मी भयकथा लिहितो. एके दिवशी तिनं फाडलेलं पान माझ्याच कथेचं निघालं. मेलेली मुलगी दारात येऊन पाणी मागते आणि मांत्रिक उंबऱ्यात खिळा ठोकून तिला कायमची घालवतो, हा शेवट मी किती वेळा खोडून लिहिला होता! मी भडकलोच.

"बाई, ही माझी गोष्ट आहे. शेवट कशाला फाडलात? सगळी मेहनत तिथंच असते."

ती भांडेल असं वाटलं होतं. तिनं वळून माझ्याकडं नीट पाहिलं.

"तुम्ही लिहिली व्हय? लई चांगली लिहिली. लेकरू घरी आलं, पाणी मागितलं, तिथवर मी पुन्हा पुन्हा वाचली." मग आवाज एकदम खाली आला. "माझी पोरगी गेली तवापासून मी दाराला कडी लावत नाय, दादा. तुमच्या तर दारात आली होती. अन् तुम्ही खिळा ठोकला?"

क्रांती चौकात ती उतरून गेली. माणूस कशाला भितो ते आपल्याला कळतं, असं इतकी वर्षं मी समजत होतो. मलाही तिथंच उतरायचं होतं. मला उठताच आलं नाही.