तळ्याकाठची बाई

आई गेल्यावर चार महिन्यांनी मी बाबांना नागपूरहून बर्मिंगहॅमला आणलं. बाबांचं सगळं आयुष्य शाळेत ड्रॉइंग शिकवण्यात गेलं. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमध डाग पडला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाकडे बघायचे, म्हणजे चेहरा थोडा तरी नजरेत यायचा. डॉक्टरांनी यावर आता उपाय नाही असं सांगितलं होतं. मी आणि बायको ऑफिसला गेलो की ते पुढच्या खोलीत रेडिएटरला गुडघे टेकवून बसून राहायचे. रंगांची पेटी मी मुद्दाम टेबलावर ठेवली होती, पण तिला त्यांनी हात लावला नाही.

फेब्रुवारीत मला एका लहानशा चित्रसंग्रहालयाच्या वेबसाइटवर एक निसर्गचित्र सापडलं. नेदरलँड्समधल्या कुणा चित्रकाराने चारशे वर्षांपूर्वी जलरंगात काढलेलं, पोस्टकार्डाहूनही लहान. उजेडाने रंग उडतात म्हणून ते भिंतीवर नसतं. अपॉइंटमेंट घेतली की पेटीतून काढून दाखवतात. बाबांना जलरंग शिकवायला फार आवडायचे. पाणी, झाडं, डोंगर एवढं बघून मी अपॉइंटमेंट घेतली. चित्राची गोष्ट वाचली नाही.

दोन बस बदलून, भिजत आम्ही पोचलो. तिथल्या वयस्कर कर्मचारी बाईंनी चित्र टेबलावर ठेवलं आणि बाबांच्या हातात भिंग दिलं. बाबांनी मान तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला केली. कडेकडेने ते चित्रभर फिरले. लांबचे डोंगर निळे ठेवलेत, बरोबर आहे, म्हणाले. झाडाच्या पानांवर सोन्याचे ठिपके आहेत, तेही त्यांनीच मला दाखवलं. आई गेल्यापासून पहिल्यांदा त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा लागला होता.

मग त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"मध्ये काय आहे रे? मला नुसता धूर दिसतोय."

मध्ये एक तळं होतं. काठावर एक बाई गुडघ्यांवर बसली होती, कुशीत दोन तान्ही मुलं. पाण्यात तीन-चार माणसं उभी होती आणि एकाचं तोंड बेडकाचं होतं. मी दिसलं तसं सांगितलं. बाबांना गोष्ट हवी होती, म्हणून मी कर्मचारी बाईंना विचारलं. त्या इंग्रजीत सांगू लागल्या आणि मी एकेक वाक्य मराठीत करू लागलो. ही ग्रीक पुराणातली एक देवी. जुळ्यांना घेऊन उन्हातून वणवण करत आली आहे. घसा कोरडा पडलाय. तळ्यावरच्या माणसांकडे ती पाणी मागते.

पुढचं वाक्य मला कळलं, पण मराठीत करता येईना.

"पुढे?" बाबा म्हणाले.

"ते पिऊ देत नाहीत. तळातला गाळ ढवळतात. म्हणून ती त्यांना बेडूक होण्याचा शाप देते."

बाबांनी हात टेबलावरून उचलून मांडीवर घेतले.

आईचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. तोंडाने पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोन दिवस ती पाणी मागत होती. बाबांनी मला व्हिडिओ कॉल केला. मी ऑफिसच्या जिन्यात उभा होतो, दहा मिनिटांत मीटिंग होती. एक चमचा देऊ का, असं त्यांनी मला विचारलं होतं. डॉक्टर सांगतात तेच करा, असं म्हणून मी फोन ठेवला. आई त्या संध्याकाळी गेली. त्यानंतर आम्ही दोघांनी हा विषय कधीच काढला नव्हता.

कर्मचारी बाई पेटी आणायला आत गेल्या.

"शेवटी तिने मागणंही सोडलं," बाबा म्हणाले. "नुसती ग्लासाकडे बघत होती. मी तो उचलून खिडकीत ठेवला, तिला दिसू नये म्हणून."

मी म्हणालो, "बाबा, नाही म्हणून मीच सांगितलं होतं."

"विचारलं मी होतं. दिलं नाही तेही मीच. तू लांब होतास."

त्यांना माझी समजूत काढायची होती, पण 'लांब होतास' हेच मला जास्त लागलं.

बस स्टॉपवर पाऊस चालूच होता. थंडी वाजतेय का, म्हणून मी विचारलं, नाही म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी माझ्या बायकोला चित्राबद्दल सगळं सांगितलं, डोंगरांचा निळा, झाडं, सोन्याचे ठिपके. तळ्याबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही. मी ओले कोट वाळत घालायला आत गेलो.

एप्रिलमध्ये ते परत गेले. राहा म्हणून मी आग्रह केला, पण फार नाही. एका घरात रोज समोरासमोर बसणं दोघांनाही जड जात होतं. रविवारी मी फोन करतो. आता त्यांना माझा कानही दिसत नाही, म्हणून व्हिडिओ लावत नाही. हवा कशी आहे, जेवलात का, एवढं बोलून होतं. कधी कधी ते मध्येच थांबतात. त्यांना काहीतरी सांगायचं असावं असं मला वाटतं, आणि दर वेळी त्यांच्याआधी मीच काहीतरी दुसरं बोलायला लागतो.