केबिनमधला दुसरा माणूस

लोखंडाच्या आवारात त्यांना सगळे 'वरचे' म्हणायचे. वरचे आले का, वरच्यांना विचारा, वरच्यांचा डबा खालीच राहिला. नवा माणूस हे ऐकून बिचकायचा. इथले लोक फारच देवभोळे दिसतात, असं त्याला वाटायचं. मग कुणीतरी मान वर करून त्याला क्रेनची केबिन दाखवायचं. आभाळाला चिकटलेली पत्र्याची आणि काचेची एक पेटी, आणि तिच्यात बसून स्वतःच्या दोन पावलांमधून खाली बघणारा एक माणूस.

उभं आयुष्य त्यांनी त्या पेटीत काढलं. एक खुर्ची, दोन दांडे, पायाखाली काच. खालचं लोखंड उचलायचं, हवेतून न्यायचं, दुसरीकडे ठेवायचं. केबिनमध्ये दुसऱ्या माणसाला जागा नव्हती, आणि त्यातूनच एक रीत पडली होती. पाळी संपली की दुसरा चालक शिडी चढून यायचा आणि दारातून म्हणायचा, "चार्ज द्या." मग यांनी दांडे सोडायचे, डबा उचलायचा, अंग चोरून त्याला आत घ्यायचं आणि आपण बाहेर पडायचं. दुसरा माणूस आला याचा अर्थ आपलं संपलं. यात बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून कुणी बोलतही नसे.

मग गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, शिडी बंद.

आवाराच्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. साहेबांची केबिन मोठी, पंख्याखाली चार खुर्च्या, चारीवर माणसं. वरचे दारातच थबकले.

"वर जमत नाही तर खाली बसा," साहेब म्हणाले. "फाटकापाशी केबिन बांधून देतो. मालाचा ट्रक बाहेर निघाला की कागद बघायचा, शिक्का मारायचा. पण चार माणसं येणार, चार शब्द बोलणार. महिनाभर बघू. माणसांत बसणं जमलं तर उत्तम. नाही तर घरी आराम करा."

'घरी आराम' ऐकून वरच्यांच्या डोळ्यांसमोर घर आलं. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत बायकोचं शिवणकाम. दिवसभर बायका माप द्यायला यायच्या, पडदा ओढून कपडे घालून बघायच्या. आतल्या खोलीत चूल आणि कापडाचे गठ्ठे. पुरुषमाणसाने दिवसा टेकायचं तर छतालाच. बायकोने आडपडदा ठेवला नव्हता.

"सुट्टीच्या दिवशी तुम्ही घरात दिसलात की माझी गिऱ्हाइकं दारातून परत जातात," ती म्हणाली होती. "रोज बसलात तर मी मशीन उचलून तुमच्या क्रेनवर राहायला जाईन. खोटं नाही सांगत."

सुताराने उरल्यासुरल्या फळ्यांची केबिन उभी केली. फाटकापाशी ट्रक वळायचे, त्यामुळे जागा बेताचीच होती. दार बाहेर उघडलं असतं तर पहिल्याच ट्रकने ते नेलं असतं, म्हणून आत उघडणारं केलं. एक खुर्ची, एक फळी, फळीवर शिक्का. समोर काच, काचेखाली कागद सरकवायला फट. वरचे आत बसले आणि सवयीने पायांमधून खाली बघितलं. खाली सिमेंट होतं. ते बराच वेळ सिमेंटकडे बघत राहिले. त्याच्याखालून काही येईना.

तेवढ्यात एक ट्रकवाला आला. फट होतीच, पण परवानगी मागायची म्हणजे माणसाने आत जायलाच हवं, असं त्याचं म्हणणं असावं. त्याने दार ढकललं.

"काका, जरा—"

वरचे उठले. डबा उचलला, अंग चोरलं आणि बाहेर पडले.

ट्रकवाल्याने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. आजवर कुठल्याच ऑफिसात त्याला कुणी बस म्हणालं नव्हतं. तो बसला. समोर शिक्का होता, हातात कागद होता. त्याने शिक्का मारला, काचेतून आवार बघितलं आणि पाय लांब केले. थोड्या वेळाने कारकून डोकावला, तसा ट्रकवाला दचकून बाहेर गेला आणि कारकून बसला. कारकुनाला चहावाल्याने उठवलं. चहावाला मात्र चांगला रमला. त्याने दुपारपर्यंत तीन ट्रक सोडले आणि एक अडवला. अडवलेल्याचे कागद खरंच अपुरे होते, हे सगळ्यांनी मान्य केलं.

वरचे तोवर घरी पोचले होते.

"इतक्यात?" बायकोने तोंडातल्या टाचण्या काढून विचारलं. पडद्यामागचं गिऱ्हाईक गप्प झालं.

"पाळी संपली."

"कोण आलं पाळीला?"

"ट्रकवाला."

बायकोने टाचण्या परत तोंडात धरल्या. काही गोष्टी टाचण्यांवाचून ऐकवत नाहीत.

असं रोज होऊ लागलं. वरचे बसून राहायचं ठरवून जायचे. खुर्चीचे हात घट्ट धरायचे. दार वाजलं की हात आपोआप सुटायचे. फाटकापाशी लोक काम नसतानाही घुटमळू लागले, कारण आत शिरलं की खुर्ची मिळते हे सगळ्यांना कळलं होतं. रोज घरी जायची सोय नव्हती, म्हणून वरचे बाहेर उन्हात, हातात डबा. आपल्याच केबिनमध्ये आपण सोडून सगळे बसतात, हे त्यांना दिसत होतं. कळतही होतं. पाय मात्र ऐकत नव्हते.

"साहेबांच्या कानावर गेलंय," कारकून एक दिवस आतूनच, फटीला तोंड लावून म्हणाला. "महिना भरत आला."

त्या संध्याकाळी बायकोचा भाऊ जेवायला आला. हा शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेला, सगळे त्याला मास्तर म्हणत. कुठलाही शब्द कानावर पडला की त्याचं कूळ काढल्याशिवाय त्याला घास उतरत नसे.

"केबिन," मास्तर खुशीत आले. "भावोजी, मूळ शब्द झोपडीचा. लॅटिन. द्राक्षांचे मळे राखायला माणूस बसायचा, त्याच्या आडोशाला शेतकरी तसं म्हणत. एका जुन्या पंडिताने तर लिहून ठेवलंय की हे नाव का पडलं, तर तिच्यात एकच माणूस मावतो म्हणून. आजचे लोक ही व्युत्पत्ती मानत नाहीत. पण मला आवडते."

"एकच," वरचे हळूच म्हणाले. त्यांना जन्मात पहिल्यांदा कुणीतरी समजून घेतलं होतं, आणि तो माणूस केव्हाच मरून गेला होता.

"मग तो शब्द फिरत फिरत इंग्रजीत आला. झोपडीचा सैनिकाचा तंबू झाला, मग जहाजावरची खोली. पुढे विमान, ट्रक, तुमची क्रेन. सगळीकडे तीच झोपडी. आणि तिचंच धाकटं रूप म्हणजे कॅबिनेट, असं म्हणतात. मंत्र्यांचं."

"तिथे कोण चार्ज देतं?" बायको म्हणाली. "तिथे तर उठायचं नावच नाही. वाढू का अजून?"

"ताई, तू चेष्टा करतेस."

"चेष्टा कसली? यांचं मला एवढंच कळत नाही. दुसरा आला की हे उठतात, बरोबर? मग तो बसला की हे पुन्हा जाऊ देत ना आत. आता दुसरे हे. त्याने उठावं."

मास्तरांचा घास हातातच राहिला. वरचे रात्रभर कूस बदलत राहिले. इतकी वर्षं त्यांनी चार्ज दिला होता, घेतलाही होता. घेण्याची बाजू ते विसरूनच गेले होते.

दुसऱ्या दिवशी ट्रकवाला खुर्चीत बसल्याबरोबर वरचे परत दारात आले. "चार्ज द्या."

ट्रकवाला मुकाट उठला. कारकून उठला. चहावाल्याने थोडे आढेवेढे घेतले, पण उठला. दिवसभर हे चालू. माणूस आत, वरचे बाहेर; वरचे आत, माणूस बाहेर. गुडघे चांगलेच बोलू लागले. पण संध्याकाळी दिवे लागले तेव्हा खुर्चीत वरचेच होते.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी साहेब स्वतः आले. सोबत कारकून होता. साहेबांनी दार ढकललं आणि तोंड उघडायच्या आत वरचे डबा घेऊन बाहेर होते. साहेब संतापून त्यांची वाट बघत खुर्चीत बसले. दार लोटलं गेलं.

आत आवाज येत नव्हता. साहेबांनी काचेतून बघितलं. आवारात माणसं हात हलवत होती, तोंडं उघडत-मिटत होती, पण त्यांच्यातलं कुणी काही मागत नव्हतं. साहेबांचे खांदे खाली आले. हा चेहरा वरच्यांच्या ओळखीचा होता. तो त्यांनी वर, काचेतल्या प्रतिबिंबात, रोज बघितला होता.

ते दारात गेले. "चार्ज द्या."

"नाही देत," साहेब म्हणाले.

असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं. याला रीत नव्हती. मागे फाटक होतं, फाटकाबाहेर रस्ता, रस्त्याच्या टोकाला पडद्यामागे कपडे बदलणाऱ्या बायका. वरचे क्षणभर तिथेच उभे राहिले. मग एक पाऊल आत टाकलं, दुसरंही टाकलं, आणि पाठीने दार लावून घेतलं.

गुडघ्याला गुडघा लागला. साहेबांच्या नाकासमोर यांचा डबा आला.

"हे काय? बाहेर व्हा."

"दार उघडत नाही, साहेब. ते आत उघडतं. आत आपण आहोत."

साहेबांनी उठून बघितलं. तसे दोघंही उभे राहिले आणि आता कुणालाच बसता येईना. बाहेर कारकुनाने सुताराला हाक मारली.

"तुम्ही उठून जाता तरी का हो?" साहेबांनी विचारलं. इतक्या जवळून ओरडता येत नव्हतं.

"दुसरा माणूस आला की जायचं असतं."

"कुठे?"

वरच्यांनी विचार केला. "ते नाही माहीत."

सुतार बाहेरून फळ्या ठोकून बघत होता. फटीतून कारकुनाचा आवाज आला.

"साहेब, यांचे घरी जायचे कागद तयार करू ना?"

"कुणाचे?"

"यांचे. माणसांत बसवत नाही ना यांना."

साहेबांचा एक पाय वरच्यांच्या दोन पायांत अडकला होता, आणि कोपर काचेला टेकलं होतं.

"दिसत नाही का तुला?" ते म्हणाले. "हा माणूस तसूभरही हलत नाहीये. याला घरी कसा पाठवू?"

"मग?"

"मग काय, राहू दे. आणि सुताराला म्हणावं, घाई नाही."

फटीतून एक कागद आत सरकला. मागे ट्रकचा हॉर्न वाजत होता. वरच्यांनी साहेबांच्या काखेखालून हात घातला, चाचपून शिक्का उचलला, मान वाकडी करून कागद वाचला आणि उभ्या उभ्या शिक्का मारला.