चार पदरांची चकती

वाळवलेलं सफरचंद लोक कसं खातात मला माहीत नाही. आमचे हे ते खात नव्हते, गालात दाबत होते. मधे भोक असलेली गोल चकती उचलायची, तिची घडी घालायची, त्या घडीची पुन्हा घडी, आणि तो चौपदरी ऐवज डाव्या गालात सरकवायचा. वीस वर्षं सुपारीची पुडी जिथं बसायची, बरोब्बर तिथंच. मी ओरडायची, "अहो, चावा की! दाढ दुखती म्हणून ठेवलेली लवंग आहे का ती?" त्यावर हे हसायचे. तेव्हा हसण्याइतकं तोंड उघडत होतं.

यांचं तोंड बंद होत चाललंय हे मला पाणीपुरीच्या गाड्यावर कळलं. भय्यानं पुरी पुढं केली आणि यांनी ती बशीत फोडून चमच्यानं खाल्ली. म्हटलं, "हे काय नवीन थेर?" तर म्हणाले, "मावत नाय गं आजकाल." इतक्या साधेपणानं म्हणाले, जणू चप्पल घट्ट होतीय. तिखट खाल्लं की तोंडाची आग होते, जांभई अर्धवट येते, हे सगळं वर्षभर अंगावर काढलेलं. बायकोला सांगायची गरज काय!

दाताच्या डॉक्टरीणबाईंनी यांना आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात घालायला लावली. दोन गेली. तिसरं दातांवर अडलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "सुपारीनं गालाची आतली कातडी आखडलीय. गेलेलं परत येईल असं मी सांगणार नाही. आज सुपारी सुटली तर आहे तेवढं टिकवून बघू." मग त्यांनी आइस्क्रीमच्या काड्यांचा जुडगा दिला. रोज सकाळी एकीवर एक रचून दातांमधे धरायच्या, जितक्या मावतील तितक्या. पहिल्या दिवशी चौदा मावल्या. दवाखान्यापासून घरापर्यंत गाडीवर मागं बसून मी यांना असं काही फैलावर घेतलं की सिग्नलला लोक वळून बघत होते.

आता सुपारीच्या जागी द्यायचं काय? बडीशेप झाली, तिचे कण गालाला टोचायचे. फुटाण्यांनी जबडा दुखायचा. मनुका घातली की संपली. यांना चव नको होती, गालात काहीतरी बसलेलं हवं होतं. शेवटी मी शहागंजातल्या सुक्या मेव्याच्या दुकानात गेले. तिथल्या चाचांनी काही न विचारता एक चकती हातावर ठेवली. "पहाड का माल है भाभी. उधर खेतवाले धूप में सुकाते. शक्कर नक्को, मसाला नक्को, खालिस सेब." मी चघळली. चामट होती, आंबटगोड होती, आणि लवकर संपत नव्हती. मला देव पावल्यासारखं झालं. तिथंच दोन पाकिटं घेतली.

पंधरा दिवस खरंच बरे गेले. वाळूजच्या कंपनीत निघताना हे खिशात चकत्या घेऊन जायचे आणि घरी आल्यावर मी कुत्र्यासारखा वास घ्यायची. वास सफरचंदाचा यायचा. मग एक दिवस म्हणाले, "जरा जास्त देत जा. बसमधी एकट्यानं खाल्लेलं बरं दिसत नाय." मला ते पटलं. माझं माहेर-सासर दोन्ही गंगापूरकडचं, तिकडं शेंग फोडली तरी अर्धी शेजारच्याला देतात. मी मोठा डबाच भरून द्यायला लागले, विश्वासानं वास घेणंही सोडलं. कंपनीच्या बसमधली माणसं माझ्यामुळं चांगलं काही खातायत, याचा मला गर्वसुद्धा झाला होता. लपवून काय करायचं?

काड्या मात्र घटत होत्या. तेरा, मग बारा. मी म्हणायची नीट लावत नसाल. स्वतः समोर बसून रचायची. हे डोळे मिटून घ्यायचे आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी यायचं. दुखतंय म्हणून येतंय असं मी समजत होते.

एका रविवारी यांच्या बसमधले एकजण घरी आले, शेतातली हुरड्याची कणसं घेऊन. चहा पिता पिता मोठ्या कौतुकानं म्हणाले, "वहिनी, तुमच्या सफरचंदाला बसमधी लई मान आहे. यांनी चकती दिली की आम्हीबी लगेच सुपारीची पुडी सोडतो यांच्यासाठी. फुकट खायची सवय नाय आपल्याला."

मी हातातली बशी खाली ठेवली. त्या माणसाचा काय दोष? तो तर व्यवहाराला चोख होता. कुणी दिलं की परत द्यायचं, रिकामा हात दाखवायचा नाही, हेच त्यालाही शिकवलेलं आणि मलाही. पूर्वी हे स्वतःची एक पुडी फोडायचे. आता माझ्या डब्यातल्या एकेका चकतीला एकेक चिमूट हातावर पडत होती. डबा मी भरत होते. तोही हौसेनं, शिगोशीग.

पाहुणे गेल्यावर मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. डबा भिंतीवर आपटला. चकत्या घरभर झाल्या. हे खाली बसून एकेक गोळा करत होते. म्हणाले, "हातावर ठेवल्यावर नाय कसं म्हणायचं? वीस वर्षं खाल्लंय त्यांचं." मी म्हटलं, "मला म्हणता येतं ना नाय? मग त्यांना म्हणा!" आणि मला रडू फुटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांच्यासमोर मी भांडले खूप, पण अशी हमसून कधी रडले नव्हते. बहुतेक त्याचाच यांना धसका बसला.

त्या दिवसापासून यांनी सुपारी सोडली ती सोडलीच. बस सोडली, ऊन असो पाऊस असो, गाडीवर जायला लागले. सफरचंद एकट्यानं खायला लागले. बसवाल्यांनी "शिष्ट झाला" म्हटलं, तेही गिळलं. मी खिसे तपासले, गाडीची डिकी तपासली, तोंडाचा वास घेतला. काही नाही. माणूस शब्दाला जागला. आता काड्या वाढतील म्हणून मी रोज सकाळी आशेनं मोजायची. अकरा. महिनाभर अकरा. मग दहा. गालात इंजेक्शनं झाली. नऊ.

मी डॉक्टरीणबाईंवरच चिडले. "यांनी सगळं ऐकलंय तुमचं. मग?" बाई म्हणाल्या, "ऐकलंय, म्हणून इतकं तरी आहे. कधीकधी सोडल्यावरही आखडत जातं. ऑपरेशन करता येईल, पण पुन्हा आखडणार नाही याची हमी देता येत नाही." यावर कुणाशी भांडायचं? आयुष्यभर माझं प्रत्येक काम आवाज चढवून झालं. रेशनवाला, नळवाला, शाळेची फी, सगळे माझ्या तोंडाला घाबरतात. आणि इथं समोर शत्रूच नव्हता.

गेल्या आठवड्यात सात काड्या मावल्या. त्याच दिवशी मी शहागंजला गेले. चाचा खुशीत होते. नवीन माल आला होता. "देखो भाभी, इस बार क्या चीज आई!" चकत्या पहिल्यापेक्षा रुंद होत्या आणि चांगल्या जाड कापलेल्या. मी विचारलं, "पतली नहीं है क्या? छोटी?" चाचा हसले. "पतली कौन मांगता भाभी? सब मोटीच मांगते." मी पाकीट घेतलं. त्यांना काय सांगणार होते?

घरी आल्यावर मी कात्री घेऊन बसले. ते पाहून हे चिडले. "मी काय लेकरू आहे व्हय, तुकडे करून द्यायला?" पाकिटातली एक अख्खी चकती घेतली. बोटांना सवयच ती. एक घडी घातली, दुसरी घातली, तोंडाशी नेली. थांबले. एक घडी उलगडली. पुन्हा नेली. दातांवर अडली. दुसरीही घडी उलगडली आणि टपालपेटीत पत्र सारावं तशी चकती सपाट करून आत सारायला लागले. अर्धी गेली. आत तिला वळायला जागा नव्हती. हळूच ओढून बाहेर काढली.

मी कात्री मांडीवर ठेवून हात पुढं केला.

यांनी ती ओली चकती माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "कर बारीक."