बुलपेनातला रिझर्व्ह

वाळवंटात काही साठत नाही म्हणतात. साफ खोटं! धूळ साठते आणि किस्से साठतात. आमच्या सौदीतल्या अल खर्जच्या डेअरी फार्मवर तर एकट्या ‘बुलपेन’ या शब्दाचेच किती झाले!

*

मी चिपळूणचा इलेक्ट्रिशियन. पहिल्याच दिवशी गेटवर मला सांगितलं, “बुलपेनमध्ये जाऊन बस.” ड्रायव्हरनं मला थेट वळूच्या गोठ्यापाशी सोडलं. आत ट्रकएवढा वळू! हातात फाइल घेऊन मी बाहेरच उलट्या बादलीवर बसलो.

वळू सांभाळणारे रत्नागिरीचे सलीमभाई आले. म्हणाले, “इंटरव्ह्यू काय आमचे शेठ घेणार आहेत?”

वळूचं नाव शेठ! आणि मला जायचं होतं ते बुलपेन म्हणजे ऑफिसातला बिनभिंतींचा हॉल, जिथे सगळे एकत्र बसतात.

*

शुक्रवारी आमचे अमेरिकन मॅनेजर डेव्हसाहेब बेसबॉल खेळवतात. मैदानाच्या कडेला जाळी लावलेली. तिथे राखीव बॉलर हात मोकळे करत बसतात. त्या जागेलाही बुलपेन!

“मेन माणूस दमला की दुसरा तयार पाहिजे,” साहेबांनी समजावलं. मी ते सलीमभाईंना मराठीत सांगितलं.

सलीमभाई तडकले. “त्यांना विचार, मग माझ्या बुलपेनात दुसरा कोण आहे?”

साहेबांचा चेहराच उतरला. सलीमभाईंच्या एकुलत्या एका मुलीचा निकाह तोंडावर आला होता आणि त्यांची रजा अडली होती. कारण शेठ दुसऱ्या कुणाच्या हातचं खायचाच नाही!

*

रिझर्व्ह म्हणून आधी मला आत पाठवलं. शेठनं नुसती मान हलवली. मी कुंपणाबाहेर, हेल्मेट आत! अजून आतच आहे.

*

शेवटी साहेबांनी रजेवर सही केली. म्हणाले, “रिझर्व्ह मी!”

सलीमभाई गावी गेले आणि शेठनं तोंड फिरवलं. साहेबांनी कुंपणावरून चारा टाकून पाहिला, गोड बोलून पाहिलं. खलास! निकाहाच्या दिवशी घाबरून त्यांनी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन शेठसमोर धरला.

मांडवातून शेरवानीतले सलीमभाई ओरडले, “शेठ, खा मेल्या! माझी लाज काढू नको!”

शेठनं कान टवकारले. चाऱ्याच्या घमेल्यात तोंड घातलं. साहेबांच्या डोळ्यांत पाणी! त्या गडबडीत फोन बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही; सलीमभाईंनी तो तसाच खिशात टाकला.

काझींनी नवरदेवाला विचारलं, “कबूल आहे?” पोरगा लाजून गप्प. सगळा मांडव त्याच्याकडे बघत होता.

तेवढ्यात सलीमभाईंच्या खिशातून शेठ डुरकला.

पोरगा दचकून ओरडला, “कबूल! कबूल! कबूल!”