मेहुण्यांची अठरावी सायकल

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान सायकली बनवतात. बनवतात म्हणजे तयार सामान आणून जोडत नाहीत. नळ्या कापून, घासून, पितळेनं झाळून अख्खी सायकल हातानं उभी करतात. हे मीच सांगून टाकते, कारण त्यांच्याकडून ऐकायला बसलात तर दुपारचा चहा संध्याकाळपर्यंत पुरवावा लागतो.

पूर्वी ते पंपांच्या कारखान्यात नकाशे काढायचे. एकदा वरच्या साहेबानं त्यांच्या नकाशावर लाल पेन्सिल फिरवली आणि ह्यांनी राजीनामा दिला. आता माझ्या रेघेला कुणी हात लावणार नाही, असं घरी येऊन जाहीर केलं. त्यानंतरच्या बारा वर्षांत सतरा सायकली झाल्या. घर चाललं ते धाकटीच्या पिशव्यांवर. हँडलला, सीटखाली, कॅरियरला लावायच्या जाड कापडाच्या पिशव्या ती शिवते, चामड्याच्या पट्ट्यांसकट आणि बकलांसकट. लांबलांबचे लोक त्या मागवतात. मेहुणे त्याला 'तिचं शिवणकाम' म्हणतात.

पुढची मोठी खोली म्हणजे मेहुण्यांचं वर्कशॉप. भिंतीवर हत्यारं उंचीप्रमाणे टांगलेली, प्रत्येकाच्या मागे त्याच आकाराची काळी सावली रंगवलेली. पाहुण्यांना ती भिंत आधी दाखवतात. धाकटीचं मशीन स्वयंपाकघरात, भांड्यांच्या कपाटाला खेटून. जेवायची वेळ झाली की तिनं कापड आवरायचं, पानं मांडायची, आणि उष्टं काढलं की परत कापड पसरायचं. बारा वर्षं हेच.

गिऱ्हाईक आलं की मेहुणे त्याला अनवाणी भिंतीला टेकवून उभं करतात, दोन्ही मांड्यांमध्ये एक जाडजूड पुस्तक वरपर्यंत चेपून धरायला लावतात आणि पुस्तकाच्या कडेशी भिंतीवर खूण करतात. पायाची लांबी अशी मोजायची असते, हे खरं आहे. पण त्या अवस्थेत माणसाला उभं ठेवून त्याला सायकलीचं तत्त्वज्ञान सांगायचंच असतं, असं काही नाही. बँकेतले एक मोठे अधिकारी पुस्तक धरून वीस मिनिटं उभे होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं.

माणसाला काय हवं ते विचारायचं नाही, शरीर सांगतं, हा मेहुण्यांचा सिद्धांत. एका गृहस्थांनी स्टँड मागितला, तर त्यांना सरळ वाटेला लावलं. स्टँड म्हणजे सायकलीचा अपमान. मग ती टेकवायची कुठे, ते मात्र सांगितलं नाही.

अठरावी सायकल दातांच्या डॉक्टरीणबाईंची. बाई ठेंगण्या, बोलायला मोकळ्या. घर चढावर आणि दवाखाना उताराच्या तळाशी, मध्ये बसचा रस्ता. दुकानातली कुठलीच सायकल तुम्हाला बसणार नाही, हे मेहुण्यांनी पहिल्याच भेटीत त्यांच्या मनात भरवून दिलं. आठ महिने लागतील म्हणाले. बाई म्हणाल्या, लागू देत. धाकटीच्या पिशव्या पाहून मात्र त्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या आणि उठायलाच तयार नव्हत्या.

आता त्या सायकलीचं काय झालं ते कळायला एक गोष्ट माहीत हवी. पायडलांचा आस फ्रेमच्या तळाशी एका आडव्या नळकांड्यातून जातो. नळकांड्याच्या दोन्ही तोंडांना आतून आटे असतात, त्यांत आस धरून ठेवणारा एकेक कप पिळून बसवायचा. पण चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात. तिथे नेहमीचे आटे आले, तर पायडल मारता मारता कप थोडा थोडा सुटत जातो. आणि झाळण्याआधी नळकांडं हातात धरलं तर दोन्ही तोंडं दिसायला सारखीच. म्हणून धाकटी दर वेळी त्यावर खडूनं बाण काढून ठेवायची: चेन इकडे. मला गरज नाही, असं मेहुणे दर वेळी म्हणायचे. पुसायचे मात्र नाहीत.

अठराव्या वेळी पुसला. सायकलींच्या कुठल्याशा मासिकाचा फोटोवाला येणार होता. मेहुण्यांनी दाढी कोरली, धाकटीकडून चामड्याचा नवा एप्रन शिवून घेतला, आणि तो नवा वाटू नये म्हणून घासकागदानं घासला. फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा खडूचा बाण मध्ये येतोय असं मेहुण्यांनाच वाटलं. असल्या खुणा शिकाऊ लोकांना लागतात, असं त्याला सांगून त्यांनी तो अंगठ्यानं पुसला. मग उजेडासाठी फोटोवाल्यानं नळकांडं जरा फिरवायला सांगितलं. मेहुण्यांनी फिरवलं, पुन्हा फिरवलं, हनुवटी वर केली आणि ज्योत पेटवली. फोटो झकास आला. आतल्या पानावर अर्धं पान.

चूक कळली ती रंगाचे चार हात देऊन झाल्यावर, जोडणीच्या दिवशी. धाकटी पिशव्यांचे पट्टे फ्रेमवर बेतत शेजारीच बसली होती. उजवा कप जाईना. मेहुण्यांनी तेल घातलं, कपाला नावं ठेवली, कप बनवणाऱ्यांना नावं ठेवली. मग गप्प झाले. गप्प झालेले मेहुणे धाकटीनं क्वचितच पाहिलेले, म्हणून ती उठून बघायला गेली. तिच्या देखत त्यांनी डावीकडचा कप उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे बसवला, आट्यांत चिकटवायचं लाल औषध अख्खी बाटली ओतलं आणि पान्यावर अंगाचा भार टाकला.

हे तिनं मला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. डॉक्टरीणबाई दहा वाजता सायकल न्यायला येणार होत्या. धाकटीचं मेहुण्यांना विनवून झालं होतं. फ्रेम कापा, नळकांडं बदला, मी बाईंना सांगते थोडे दिवस थांबायला. मेहुण्यांचं उत्तर, मासिकात छापून आलेली फ्रेम कापायची? बाई डॉक्टर आहेत, शर्यतीत थोड्याच उतरणार आहेत? आणि औषध धरेल की.

"आणि नाही धरलं तर?" मी विचारलं.

"तर उतारावर आस डगमगेल, चेन उतरेल. मागून बस असते," धाकटी म्हणाली. ती भांडी पुसत होती आणि एकच ताट तिनं तीनदा पुसलं.

बाई बरोबर दहाला आल्या. मेहुण्यांनी सायकलीवरचं कापड हळूच ओढलं. सायकल सुंदर होती, हे मी नाकारणार नाही. गडद हिरवा रंग, रंगाखाली झाळाचा फुगवटा कुठे दिसत नव्हता. त्यांनी नळ्यांच्या जाडीपासून सुरुवात केली. बाईंनी दोनदा हँडलला हात लावला, दोनदा मेहुण्यांनी बोलता बोलता तो बाजूला केला. अखेर बाईंनी विचारलं, आता बसू का?

धाकटी पुढे आली. तिनं मागच्या पिशवीची बकलं सोडली, मग हँडलवरच्या. दोन्ही पिशव्या बाईंच्या हातात दिल्या.

"ह्या तुमच्या. सायकल नेऊ नका, बाई. खालचं नळकांडं उलटं बसलंय. उताराला कप सुटेल."

"अगं, तुला त्यातलं काय कळतं?" मेहुणे हसले. "ताई, सांगा हिला. शिवणकाम करता करता इंजिनियर झाली."

बाईंनी दातांच्या डॉक्टरांची ती नजर लावली, जिच्यापुढे माणूस आपोआप तोंड उघडतो. "खरं आहे का हो?"

"तत्त्वतः," मेहुणे म्हणाले, आणि तिथून पुढे ताण, घर्षण, जगातल्या मोठमोठ्या कारागिरांच्या चुका असं बरंच काही बोलले. 'नाही' हा शब्द त्यात कुठेच आला नाही. बाईंनी पिशव्या खांद्याला लावल्या.

त्याच दुपारी धाकटी त्यांना घेऊन चौकातल्या दुकानात गेली. लहान मापाची एक साधी सायकल काढली, सीट दोन बोटं खाली घेतली, हँडल जरा जवळ ओढलं, पिशव्या बांधल्या. दुकानदाराचा चहा धरून पाऊण तास लागला.

हिरवी सायकल आता वर्कशॉपमध्ये छताला टांगलेली असते, खाली मासिकातला फोटो, चौकटीत. येणाऱ्याला मेहुणे सांगतात की ही मी स्वतःच दिली नाही. कारागिराला पटलं नाही तर त्यानं माल सोडू नये. धाकटी आतून हे ऐकते. मशीन चालूच असतं. मात्र ते मशीन आता पुढच्या खोलीत आहे, खिडकीशी. हत्यारांची अर्धी भिंत तिनं मोकळी करून घेतली. काळ्या सावल्या तेवढ्या भिंतीवर राहिल्यात.

परवा मी त्या खिडकीशी बसले होते. डॉक्टरीणबाई त्या साध्या सायकलवरून समोरून गेल्या, हात वर करून. मेहुणे धावत दारात आले.

"बघा, ताई, बघा. कोपर किती वाकलंय. पाठीची वाट लागणार."

बाई तोवर उताराला लागल्या होत्या. तळाशी ब्रेक दाबून उतरल्या आणि दवाखान्याचं कुलूप काढायला लागल्या. मेहुणे अजून कोपरावरच बोलत होते.