जोखमीची बाई

माझ्याच ओट्यावर बसून, माझाच चहा पीत विमा एजंट मला म्हणाला, "ताई, कंपनी तुमच्या गाडीचा पूर्ण विमा कराले तयार नाही. लागोपाठ दोन क्लेम झाले. तुम्ही आता जास्त जोखमीच्या यादीत गेल्या."

भंडाऱ्यात माझं हातमागाच्या लुगड्यांचं दुकान आहे. पन्नाशीला टेकल्यावर मी गाडी शिकले आणि दुकानाच्या कमाईतून घेतली, माझ्या नावावर. त्या दोन्ही अपघातांत स्टिअरिंगवर मी नव्हतेच. पहिल्यांदा दिघोरीच्या रस्त्यावर रानडुक्कर आडवं आलं, दुसऱ्यांदा वरठीजवळ गाडी दुभाजकावर चढली. दोन्ही वेळा माझे धाकटे दीर मागून गाडी घेऊन गेले होते. ते आत्ता समोरच बसले होते आणि बशीत चहा ओतत होते.

"चालवत कोन होतं, ते क्लेमच्या कागदात लिहिलं आहे ना?" मी विचारलं.

"लिहिलं आहे. पन पॉलिसी तुमची, म्हनून क्लेम न केल्याची सूटही तुमचीच गेली." मग त्याने आवाज खाली आणला. "असं करा ना. गाडी भाऊच्या नावावर करून टाका. त्यांच्या नावावर एकही क्लेम नाही. रेकॉर्ड एकदम साफ."

"मले काही अडचन नाही, वहिनी," दीर लगेच म्हणाले. "तसंही बाईमानसाची गाडी म्हटलं का कंपनी घाबरते."

माझी कानशिलं तापली. "तुमाले कायची अडचन, भाऊजी? गाडी ठोकली तुम्ही, नाव खराब झालं माझं. आता गाडीही तुमचीच होऊन राहिली!"

आतून नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, घरातलीच गोष्ट आहे."

"म्हनूनच घरात बोलून राहिली. नाहीतर चौकात बोलली असती."

एजंट उठून गेला.

जुनी पॉलिसी संपायच्या आत मी थर्ड पार्टी विमा काढला. रस्त्यावर गाडी आणायला कायद्याने तेवढा तरी लागतोच. मग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी दुसऱ्या कंपन्यांची दारं ठोठावली. "जुने क्लेम सांगूच नका," असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मी सगळं सांगितलं. आज लपवलं असतं, तर उद्या त्याच कारणाने कंपनीने हात वर केले असते. शेवटी एका कंपनीचा माणूस आला, गाडीभोवती फिरून फोटो काढले आणि विमा मिळाला. हप्ता मात्र पहिल्यापेक्षा चांगलाच जास्त, शिवाय दर क्लेमला दुरुस्तीच्या खर्चाचा पहिला मोठा भाग माझ्या खिशातून. सही करताना अंगाचा तिळपापड झाला होता. आजही तो हप्ता मला अन्यायाचाच वाटतो आणि कोणी विचारलं की मी तसंच सांगते. पण गाडीच्या कागदावर माझंच नाव आहे.

दिवाळीत दिरांनी सासुरवाडीला जायला गाडी मागितली.

"कधी निघायचं सांगा, मी नेते."

ते गुश्श्यात होते, पण आले. माझ्या शेजारी बसले. वैनगंगेच्या पुलावर मला म्हणाले, "वहिनी, जरा हळू चालवा."

काटा चाळीसच्या खालीच होता. मी त्यांना तो दाखवला आणि म्हटलं, "आधी तुम्ही बेल्ट लावा."