साडूभाऊंचं बाथरूम

चांगली चालती वस्तू दुरुस्त करून कायमची निकामी करावी, तर ती आमच्या साडूभाऊंनीच. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान बियाण्यांच्या एका कंपनीत हिशेब सांभाळून निवृत्त झाले आणि नवीन जालन्यातल्या त्यांच्या घराचे वाईट दिवस सुरू झाले. त्यांनी दुरुस्त केलेल्या मिक्सरला हात लावताना ताई आधी पायात रबरी चपला घालत. त्यांनी बसवलेली कडी आतून लागायची, पण बाहेरून कुणी लाथ घातल्याशिवाय उघडायची नाही. हे मला पाहुणा म्हणून गेलो असताना आत अडकल्यावर कळलं. कारागीर बोलवा म्हटलं की साडूभाऊ दुखावत. "कारागीर काय आईच्या पोटातून शिकून येतो? आपल्यालाबी दोन हात आहेत." त्या दोन हातांची घरात सगळ्यांना धास्ती होती.

अशात पिंपळगाव रेणुकाईला राहणाऱ्या त्यांच्या आई अंगणात पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. या माउलीला सगळे बाई म्हणत. ऑपरेशन झालं. पुन्हा पडल्या तर अवघड आहे, असं डॉक्टरांनी बजावलं. बाई आधी लेकीकडे बदनापूरला राहतील आणि मग कायमच्या जालन्याला येतील, असं ठरलं. साडूभाऊंच्या बाथरूमची फरशी इतकी गुळगुळीत होती, की धडधाकट माणूससुद्धा तिथे भिंत धरून चाले. ती काढून खरबरीत टाईल बसवणं भागच होतं. ताई म्हणाल्या, "या वेळी तरी मिस्त्री बोलवा." साडूभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं. "माझ्या मायच्या पायाखालची फरशी मी दुसऱ्याच्या भरवशावर टाकू?" तिथेच घात झाला.

पहिल्याच घावात त्यांनी फरशीबरोबर पाण्याचा पाईप फोडला. तेव्हापासून ते घर टॉवेल आणि बादली घेऊन शेजाऱ्यांकडे आंघोळीला जाऊ लागलं. शेजारी सुरुवातीला हसून दार उघडत, पुढे नुसतंच उघडत. मी जावं तेव्हा साडूभाऊ साबणाच्या कोनाड्यात मोबाईल उभा करून टाईल बसवण्याचा व्हिडिओ बघत बसलेले असत. बोटं सिमेंटने माखलेली, त्यामुळे व्हिडिओ मागे नेता यायचा नाही आणि तोवर घमेल्यातलं सिमेंट घट्ट व्हायचं. अखेर टाईल बसल्या. साडूभाऊंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं आणि समारंभपूर्वक बादली ओतली. पाणी क्षणभर थबकलं आणि मोरीच्या जाळीकडे पाठ फिरवून दाराबाहेर पडलं, बैठकीत शिरलं, सोफ्याखाली गेलं. "बाहेर येऊन राह्यलं का?" ताईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. त्यांनी मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

साडूभाऊंनी सगळं उखडलं आणि पुन्हा बसवलं. या वेळी पाणी दाराकडे गेलं नाही. जाळीकडेही गेलं नाही. मधोमध तळं करून बसलं. साडूभाऊ उपड्या बादलीवर बसले. इतक्या वर्षांत त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. "न्हाई जमत मला," ते म्हणाले. "बाई इथं पडली तर मी काय करू?" मिस्त्री आणू का, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी चक्क मान डोलावली. पण लेकीकडे करमेना म्हणून बाई दुसऱ्याच दिवशी वॉकर घेऊन दारात उभ्या. आता पुन्हा तोडफोड काढणार कशी?

मग साडूभाऊंनी एक केलं. रोज सकाळी बाईंच्या आंघोळीआधी ते गुडघ्यांवर बसून सगळी फरशी कोरडी पुसायचे. त्यांना आत खुर्चीवर बसवून बाहेर थांबायचे, आणि त्या उठण्याआधी ताई आत जाऊन पाणी जाळीकडे लोटायच्या. मग पुन्हा साडूभाऊ फडकं घेऊन हजर. "आरं, किती पुसतो? फरशी झिजंल," बाई म्हणायच्या. "झिजू दे." बाहेरगावची लग्नं त्यांनी सोडली, माझ्या मुलीचंही. तेव्हा मला राग आला होता, खोटं कशाला सांगू!

बाई त्या बाथरूममध्ये एकदाही घसरल्या नाहीत. उन्हाळ्याच्या अखेरीस, दुपारी अंथरुणावर पडल्या पडल्या, झोपेतच गेल्या.

पुढे ताईंनी मिस्त्री बोलावला. साडूभाऊंनी विरोध केला नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. आत हातोडा पडायला लागला तसे ते मला घेऊन स्टेशनवर जाऊन बसले. चहा गार झाला.

"माझ्या हातची एक तरी गोष्ट नीट व्हायला पाहिजे होती," ते म्हणाले.

"बाई पडल्या नाहीत, साडूभाऊ."

"ते काय टाईलमुळं न्हाई."

"माहीत आहे मला," मी म्हणालो.

नवी फरशी वाळल्यावर त्यांनी तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी सरळ जाळीकडे गेलं.

"बराबर गेलं," साडूभाऊ म्हणाले. रिकामा तांब्या हातात धरून ते जाळीकडे बघत राहिले. मग हळूच, स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाले, "लई जल्दी गेलं."